उसवता येईल असं घर

गुरुवार

बाबांच्या पिशवीत एक कौल होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आणि वरून जुन्या पंच्यात बांधलेलं. रत्नागिरी स्टेशनवर नेत्रावती एक्स्प्रेसची वाट बघताना त्यांनी ती पिशवी खाली ठेवलीच नाही. "अगं, कुणाचा पाय लागला तर?" म्हणाले. घरी तसली तीन हजारांवर कौलं आहेत, पण हे त्यांनी माळ्यावरून स्वतः निवडून काढलं होतं. त्याच्या पाठीवर बासेल मिशनचं नाव आणि १८६५ हे साल उठावात छापलेलं आहे. ते साल कारखान्याचं, कौलाचं नव्हे. पण पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी बासेल मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा कौल त्याच्या आधीचं असणार असा बाबांचा हिशेब. म्हणजे पणजोबांच्या हातचं.

घर राजापूर तालुक्यातलं. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, बाहेरून चुन्याची दरज भरलेली. खांब फणसाचे, तुळया ऐनाच्या, वासे किंजळाचे. गेल्या पावसाळ्यात मागची पडवी बसली. भिंत जागची हलली नाही, वाशांची टोकं वाळवीने खाल्ली होती. त्यानंतर घरात बोलणी सुरू झाली. धाकटा भाऊ म्हणाला, पाडून स्लॅबचं बांधू. त्याचंही चूक नाही, दर वर्षी मे महिन्यात शाकारणीला माणसं मिळत नाहीत. एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने घराला एक फेरी मारली आणि सांगितलं, "जुना डबर मी उचलून नेतो, त्याचे पैसे घेणार नाही."

डबर हा शब्द बाबांना लागला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मला लागण्याचं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी माजघराचा दरवाजा मीच विकायला लावला होता. उंबरठा उंच, दार बुटकं, आईला वाकून जाता येईना. जुन्या लाकडाचा व्यापारी आला, चार हजार रुपये हातावर ठेवले आणि चौकटीसकट दार घेऊन गेला. त्याजागी आम्ही बाजारातलं तयार दार बसवलं. पहिल्याच पावसात ते फुगलं आणि आता ओढून लावावं लागतं.

म्हणून तिरुअनंतपुरम. तिथे जवळच्या सामानातून घरं बांधणारे वास्तुकार लॉरी बेकर यांच्याबद्दल मी बरेच दिवस वाचत होते. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला, वास्तुकला शिकलेला हा माणूस चीनमध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करून मायदेशी परतत होता. जहाजाच्या प्रतीक्षेत मुंबईत तीनेक महिने अडकला आणि तिथे त्याची गांधीजींशी भेट झाली. बेकरच्या पायात चिनी पद्धतीचे, टाकाऊ कापडाचे हाताने शिवलेले जोडे होते. गांधीजींची नजर त्या जोड्यांवर गेली, आणि बोलणं तिथून सुरू झालं. आदर्श खेड्यातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून उभं राहावं, हा गांधीजींचा विचार बेकर जन्मभर सांगत राहिले. १९४५ मध्ये ते भारतात परत आले ते कायमचेच. २००७ साली तिरुअनंतपुरममध्येच गेले.

आमच्या घरापासून चिरेखाण दीड मैलावर आहे.

शुक्रवार

पहाटे अंधारात गाडीचा आवाज बदलला. पूल लागला होता. बाबा जागेच होते, खिडकीशी बसलेले. "नेत्रावती," म्हणाले. ज्या नदीचं नाव गाडीला, तिच्याच काठी मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला होता. नदीची चिकणमाती, भट्टीला लाकूड आणि मालाची ने-आण करायला पाणी, तिन्ही एका जागी. इथून कौलं गलबतांनी किनाऱ्याने वर गेली, आमच्या बंदरांत उतरली, तिथून बैलगाडीने गावोगाव. आजी त्यांना कायम मंगलोरी कौलंच म्हणायची. त्याआधी आमच्याकडे नळे असायचे, कुंभाराच्या चाकावरचे. बाबांनी पिशवी मांडीवर घेतली आणि पूल संपेपर्यंत तशीच धरून बसले.

उजाडल्यावर केरळ. माडांच्या आडून घरं दिसत होती. कौलारू कमी, सपाट स्लॅबची जास्त. बऱ्याच स्लॅबवर पुन्हा पत्र्याचं छप्पर चढवलेलं. गळती आणि ऊन दोन्ही सोसेना, म्हणून स्लॅबवर छप्पर. आमच्या गावातही हेच चाललंय.

संध्याकाळी उतरलो. लॉजवर सामान टाकलं आणि तंपानूरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये गेलो, स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. बेकर यांनी बांधलेली ही लाल विटांची इमारत बाहेरून फिरकीच्या खांबासारखी दिसते. आत मजले नाहीतच. एक उतरता रस्ता गोल गोल वर चढत जातो आणि त्याच्या कडेने, बाहेरच्या भिंतीला लागून, बांधीव टेबलं नि बाक. भिंतीला खिडक्या नाहीत, विटा सोडून केलेल्या जाळीतून वारा येतो. बाबांनी आधी जमिनीचा उतार पाहिला, मग टेबलावर पाण्याचा पेला ठेवून पाणी कललं का ते पाहिलं. पाणी सरळ होतं. पांढऱ्या फेट्यातल्या वाढप्याने बीट घातलेलं कटलेट आणि कॉफी आणली. आजूबाजूला बस धरायला निघालेली माणसं, कॉलेजची मुलं, एक बाई दोन लेकरांना घेऊन. या इमारतीत बसायला कुणाचा दर्जा विचारला जात नाही, हे मला फार आवडलं.

शनिवार

नालंचिरा इथे बेकर यांचं स्वतःचं घर आहे, 'द हॅम्लेट'. तिथेच कॉस्टफोर्ड या संस्थेचं तिरुअनंतपुरमचं केंद्र. ही संस्था १९८५ मध्ये माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, अर्थतज्ज्ञ के. एन. राज, बेकर आणि टी. आर. चंद्रदत्त यांनी मिळून सुरू केली. आधी फोन करून परवानगी घेतली होती. एक तरुण आर्किटेक्ट मुलगी आणि एक वयस्क गवंडी आम्हाला भेटले. गवंड्याला ती मेस्तिरी म्हणत होती. "आमच्याकडेही मेस्त्रीच म्हणतात," मी म्हटलं. पोर्तुगीजांचा शब्द, दोन्ही किनाऱ्यांवर राहिला. त्यानंतर बाबा आणि मेस्तिरी यांना दुभाष्याची फारशी गरज लागली नाही.

घर खडकाळ उतारावर आहे. दुसऱ्या कुणी आधी जेसीबी बोलावून जागा सपाट केली असती. इथे खडक आहे तसा आणि खोल्या त्याच्या अंगाने वरखाली. आधी थोडं बांधलं, मग लागेल तसं वर्षानुवर्षं जोडत गेले, म्हणून एका खोलीतून दुसरीत जाताना दोन पायऱ्या चढाव्या लागतात नाहीतर तीन उतराव्या. आमच्या घरातही ओटी, पडवी, माजघर असं एकेक पिढीने जोडलेलं आहे. ते मला आतापर्यंत गबाळेपणा वाटायचा.

एका भिंतीत रंगीत काचेच्या बाटल्या आडव्या बसवल्या आहेत, हिरव्या, तपकिरी. सकाळचं ऊन त्यांच्या बुडांतून आत येतं आणि समोरच्या भिंतीवर पैशाएवढे ठिपके पडतात. फुटक्या फरश्यांचे तुकडे जमिनीत जडवलेले. दारं-खिडक्यांचं लाकूड बरंचसं पाडलेल्या इमारतींमधून आलेलं, जुन्या खाचा नि खिळ्यांची भोकं तशीच. कुठे काही झाकायचा प्रयत्न नाही.

मग मेस्तिरींनी भिंत समजावून दिली. आपण वीट पसरून, आडवी घालतो. ते तीच वीट कडेवर उभी करतात: दोन विटा समोरासमोर, मध्ये पोकळी, आणि दोन्ही बाजूंना बांधणारी एक आडवी. वरच्या थरात सांधे सरकवून पुन्हा तेच. जाडी तीच नऊ इंच, पण विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात, आतली हवा उन्हाला अडवते, आणि वायरीचे पाइप भिंत न फोडता पोकळीतून जातात. याला 'रॅट ट्रॅप बाँड' म्हणतात, कारण ती पोकळी उंदराच्या पिंजऱ्यासारखी दिसते. भिंतीला गिलावा नाही. बाबांनी बोट फिरवून पाहिलं. दरज इतकी सारखी होती की त्यांना दाद द्यावीच लागली. गिलावा नसला की गवंड्याला आपलं काम लपवता येत नाही, हे त्यांनी मराठीतच सांगितलं आणि मेस्तिरी हसले.

छत मात्र मी सगळ्यात जास्त वेळ पाहत राहिले. स्लॅबच्या खालच्या बाजूला मंगलोरी कौलं दिसत होती, ओळीने, चौकोनी चौकटींत. आर्किटेक्ट मुलीने एक स्केल हातात घेतली, दोन बोटांवर आडवी ठेवली आणि मध्ये दाबली. वरचा भाग दबतो, खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. तो सोसते सळई. म्हणजे खालच्या अर्ध्या भागातलं काँक्रीट बहुतांशी सळईला धरून ठेवण्यापुरतंच असतं, बाकी नुसतं ओझं. मग सळयांच्या मधल्या चौकोनांत काँक्रीटऐवजी कौल का घालू नये? दोन कौलं तोंडाला तोंड लावून ठेवली की मध्ये हवा राहते, स्लॅब हलका होतो, सिमेंट आणि सळई वाचते, खोली कमी तापते. आणि यासाठी पहिल्या प्रतीची कौलं लागतच नाहीत. कोपरा उडालेली, कारखान्याने नाकारलेली, उतरवलेली, सगळी चालतात. सळयांच्या भोवती मात्र काँक्रीट पुरेसं राहिलं पाहिजे, आणि कौलं आधी पाण्यात भिजवायची, नाहीतर ती काँक्रीटमधलं पाणी पिऊन टाकतात.

बाबांनी तेव्हा पिशवी उघडली. पंचा सोडला, कागद काढला. मेस्तिरींनी कौल दोन्ही हातांत घेतलं, पाठीवरची अक्षरं वाचली, मग ते कानाजवळ धरून मधल्या बोटाच्या पेराने टिचकी मारली. खणखणीत नाद आला. "ओडु," ते म्हणाले, मल्याळममधलं कौल, आणि पुढे जे म्हणाले त्याचा अर्थ मुलीने सांगितला: अजून शंभर वर्षं जाईल.

रविवार

पद्मनाभपुरमचा राजवाडा सोमवारी बंद असतो, म्हणून आज. नागरकोइलच्या बसने तकलै आणि तिथून रिक्षा. राजवाडा तामिळनाडूत आहे, पण त्याची व्यवस्था केरळ सरकारकडे. त्रावणकोरची ही जुनी राजधानी. बेकर यांना या वास्तूबद्दल फार आदर होता, आणि त्यांच्या जाळ्या कुठून आल्या ते इथे कळतं.

चपला बाहेर काढून आत गेलो. काळी जमीन आरशासारखी, पायाला थंड. नारळाच्या करवंटीचा कोळसा, चुना, अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग असं घोटून ती केली असं सांगतात. मंत्रशाळेच्या खिडक्यांना अभ्रकाचे पातळ रंगीत पापुद्रे आहेत, काचेच्या जागी. लाकडी तिरप्या पट्ट्यांच्या भिंतींमधून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून आतलं काही दिसत नाही, आणि भर दुपारी वारा चालू. राजाचा वाडा, पण सामान बघितलं तर लाकूड, माती, चुना, करवंट्या. ताय कोट्टारम या सर्वांत जुन्या भागात एका अखंड फणसाच्या बुंध्याचा कोरलेला खांब आहे. बाबा त्याच्याजवळ थांबले. त्यांनी त्याला हात लावला नाही, तिथे लावू देत नाहीत, पण बराच वेळ उभे राहिले. "आपल्या ओटीवरचे दोन खांब फणसाचेच आहेत," ते म्हणाले. मला माहीत होतं. पण त्यांना ते सांगायचं होतं.

परतताना महामार्गाच्या कडेला जुन्या लाकडाची वखार दिसली. मी रिक्षा थांबवायला सांगितली. जुन्या तरवाडांमधून, म्हणजे तिथल्या मोठ्या एकत्र कुटुंबांच्या घरांतून, काढलेले खांब एकावर एक रचलेले. चौकटी भिंतीला टेकवून ओळीने उभ्या, प्रत्येकीवर खडूने आकडा. पितळी कड्या एका टोपलीत. धान्याच्या कोठीच्या फळ्या, त्यांच्यावर कुणीतरी खिळ्याने कोरलेल्या हिशेबाच्या रेघा.

आणि त्या ओळीत एक बुटकं दुहेरी दार होतं. अखंड फळीच्या दोन झडपा, मागे लाकडी अडसर, अडसराला बोट जाईल एवढी खाच. आमचं नव्हे, पण तसंच. मी बिजागरीकडे पाहिलं आणि बिजागरी नव्हतीच. फळीच्याच वरच्या-खालच्या टोकाला खुंटी कोरलेली, ती चौकटीच्या भोकात फिरते. आमच्याही दाराला हेच होतं. बेकर खिडक्यांसाठी हीच युक्ती सुचवत असत: चौकट नको, बिजागरी नको, एक उभी फळी आणि वरखाली दोन भोकं. लहानपणी मी त्या दारावर लोंबकळून कुईकुई आवाज काढायचे आणि आजी खुंटीत खोबरेल तेल सोडायची.

किंमत विचारली. पंचेचाळीस हजार. एका रिसॉर्टसाठी बोलणं झालेलं होतं.

बसमध्ये मी काही बोलले नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "जाऊ दे गं. राहिलेली सहा दारं मोजून ठेवू."

सोमवार

उल्लूर इथलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला के. एन. राज यांनी ही संस्था उभी केली आणि तिचा सगळा परिसर बेकर यांच्याकडे सोपवला. फाटकावर नाव लिहून आत सोडलं. टेकडीवर ग्रंथालयाचा उंच मनोरा, भोवती वर्ग, वसतिगृह, सगळं विटांचं, झाडं राखून वाकवत नेलेलं. एका ठिकाणी इमारतीची भिंत झाडाला वाट देऊन मागे सरली आहे.

आज फार फिरलो नाही, बाबांचे गुडघे दुखत होते. एका कट्ट्यावर बसून त्यांनी तिकिटाच्या मागे गणित मांडलं. ते शाळेत गणित शिकवायचे. चाळीस फूट भिंत बांधायची आहे. चौकोनी खोली केली तर दहा बाय दहा, शंभर चौरस फूट. तीच चाळीस फूट भिंत गोल नेली तर सुमारे १२७ चौरस फूट. सत्तावीस फूट जागा फुकट. "म्हणून हा माणूस गोल बांधायचा," म्हणाले. शिवाय वळलेली भिंत स्वतःच्याच वळणावर उभी राहते. समोरची कुंपणाची भिंत अर्ध्या विटेची, नागमोडी, एकही खांब नाही. तेवढीच पातळ भिंत सरळ नेली असती तर पडली असती.

चिऱ्यात गोल करणं मात्र वेगळं. चिरा मोठा, त्याला वळण द्यायचं तर कोपरे तासावे लागतात. हे बाबांनी गणिताखाली लिहिलं आणि त्याला अधोरेखा दिली. इथलं उचलून तिथे नेता येणार नाही, हे या प्रवासात मला हळूहळू समजत होतं. केरळात वीट होती म्हणून बेकर यांनी विटेत केलं. उत्तर केरळात जांभा आहे, तिथे जांभ्याची घरं आहेत. जांभ्याला शास्त्रात लॅटेराइट म्हणतात, ते नावही इथलंच. १८०० च्या सुमारास फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारातल्या अंगाडिपुरमला हा दगड पाहिला. खाणीत मऊ, कुऱ्हाडीने कापता येणारा, बाहेर हवा लागली की कडक. लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात, त्यावरून त्याने १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात हे नाव दिलं. जी वीट भाजावीच लागत नाही, ती आमच्या अंगणाखाली आहे.

मंगळवार

विलाप्पिलशाला इथल्या लॉरी बेकर केंद्रात शनिवारचीच आर्किटेक्ट मुलगी पुन्हा भेटली. शहराबाहेर, हिरवं, शांत. इथे माती आणि बांबूवर जास्त भर आहे, आणि त्यामागे कारण आहे. विटांसाठी भातखाचरांची चिकणमाती खणून खणून शेतं खड्ड्यात गेली, भट्ट्यांना लाकूड लागलं. बेकर यांनी ज्या विटेला जीव लावला, तीच आता जपून वापरायची वेळ आली आहे. त्यांच्या शिष्यांनी हे ओळखून वाट बदलली, याचं मला कौतुक वाटलं.

मातीची परीक्षा आम्ही स्वतः केली. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि जोरात हलवून ठेवून द्यायचं. आधी वाळू तळाला बसते, मग पोयटा, शेवटी चिकणमाती. थरांवरून प्रमाण कळतं. दुसरी परीक्षा त्याहून सोपी: ओल्या मातीचा लाडू वळून कमरेच्या उंचीवरून टाकायचा. पसरला तर पाणी जास्त, भुगा झाला तर चिकणमाती कमी. बाबांचा लाडू दोन-तीन मोठ्या तुकड्यांत फुटला. तोच हवा होता.

तिथे बसून मी खरा प्रश्न विचारला. तो माझा नव्हता, नवऱ्याचा होता. आदल्या रात्री फोनवर म्हणाला होता, "तुम्ही दोघं माती-चिऱ्याचं म्हणताय, पण मी किल्लारी पाहिली आहे." तो औशाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तो नऊ वर्षांचा होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं माणसांवर कोसळलं. तेव्हापासून तो दगडी घरात झोपत नाही. आमच्या राजापूरच्या घरीही तो ओटीवर, दाराजवळ झोपतो. आणि कोयना आमच्यापासून लांब नाही, १९६७ चा धक्का बाबांना आठवतो.

ती मुलगी या प्रश्नाला तयार होती. भूकंपानंतर लातूरमधल्या एका गावाची पुनर्बांधणी मल्याळ मनोरमा या वृत्तपत्राने हाती घेतली होती आणि तिचा आराखडा बेकर यांनीच केला होता. तिने कागदावर भिंत काढली. किल्लारीच्या भिंती पडल्या त्या नुसत्या मातीमुळे नव्हेत. आतला आणि बाहेरचा असे दोन पापुद्रे होते, मध्ये खडी-माती, आणि दोघांना जोडणारा आरपार दगडच नव्हता. धक्का बसला तसे पापुद्रे वेगळे झाले. चिरा घडीव, चौकोनी, भिंतीच्या पूर्ण जाडीचा, म्हणून तो दोष कमी. तरीही पट्टे हवेत: जोत्यावर एक, दारांच्या डोक्यावर एक, छपराखाली एक, चारही भिंतींना मिठी मारणारे, काँक्रीटचे नाहीतर जोडलेल्या लाकडाचे. कोपऱ्यात चिरे एकमेकांत अडकवलेले. वर हलकं छप्पर, आणि वासे पट्ट्याला बांधलेले. सिमेंट लागेल, ती म्हणाली, पण तिथेच, जिथे त्याच्याशिवाय होत नाही.

मग मी विचारलं की बाकीच्या भिंतीत चिरे सिमेंटमध्येच का बसवत नाहीत, आमच्याकडे आता सगळे तेच करतात.

तिने उलट विचारलं, "तुमच्या पडवीचे चिरे निघाले कसे?"

निघाले ते अखंड. बाबा आणि दोन गडी, नुसत्या पहारीने. माती धुतली की चिरा मोकळा. शेजारच्या घराची वीस वर्षांपूर्वीची सिमेंटची भिंत पाडली तेव्हा सिमेंट सुटलं नाही, चिरेच फुटले, आणि चार ट्रॉल्या भरून ओढ्यात गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. चुना आणि माती दगडापेक्षा मऊ असतात, म्हणून सांधा सुटतो आणि दगड वाचतो. सिमेंट जांभ्यापेक्षा कडक. आजीने नऊवारी उसवून दुपटी शिवली, कारण टाके हाताचे होते. पणजोबांचं घर तसंच उसवता येतं. आज आम्ही बांधू ते माझ्या मुलीला उसवता येईल की नाही, एवढाच प्रश्न मला त्या बाकावर बसून दिसत होता. जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, हे मला आधीही माहीत होतं. ते कळून माझ्या हातून काही घडलं नव्हतं. ओढ्यातल्या त्या चार ट्रॉल्या मात्र त्या रात्री डोळ्यांपुढून हलेनात.

निघताना मेस्तिरींचा निरोप आला: शिंपल्यांचा चुना मिळत असेल तर तोच घ्या, पण कळी विरवून निदान पंधरा दिवस भिजत ठेवा, घाई करू नका.

बुधवार, गुरुवार

सकाळी गाडी धरली. येताना बाबा झोपले, पिशवी उशाला. मी वहीत आकडे लिहीत होते. पडवी नव्याने, त्याच चिऱ्यांची, चुन्यात, दोन पट्टे घालून. न्हाणीघरावर तेवढा कौलं भरलेला स्लॅब, म्हणजे पाण्याची टाकी वर ठेवता येईल आणि भावाचंही म्हणणं राहील. बाकी छप्पर कौलारूच. वाळवी लागलेल्या वाशांची टोकं कापून ते आखूड मापाच्या पडवीला, चांगले वासे मुख्य छपराला, सगळ्यांना काजूच्या टरफलांचं तेल. माजघराच्या दाराची जागा मी मोकळी ठेवली.

भावाला गाडीतूनच फोन केला. तो सगळं ऐकून म्हणाला, "ताई, शाकारणी कोण करणार?" रास्त प्रश्न आहे. कौलांखाली रिपांवर फळ्यांचं अस्तर घातलं तर माकडांनी कौलं हलवली तरी पाणी थेट आत येत नाही, आणि दर वर्षीची शाकारणी तीन-चार वर्षांवर जाते. खर्च आहे. त्याने अर्धा उचलायची तयारी दाखवली. अजून पूर्ण पटलेलं नाही त्याला, पण ठेकेदाराला थांब म्हणून सांगितलं.

शनिवार

घरी. सकाळपासून अंगणात कौलं मांडतोय. गवंडीकाका पहाटेच आले. बाबा खुर्चीवर, समोर तीन रांगा: छपराची, स्लॅबची, आणि फुटकी, जी कुटून जमिनीखाली जातील. मुलगी एकेक कौल उचलून आजोबांच्या कानाजवळ धरते, ते टिचकी मारतात. खण्ण आलं की छपराची रांग. भद्द आलं की स्लॅबची. दुपारपर्यंत सहाशे झाली. आता मुलगी स्वतःच टिचकी मारून आधी सांगते, मग आजोबा मारतात आणि मान हलवतात. मधे एकदा दोघांचं जमलं नाही. तिने खण्ण म्हटलं, त्यांनी भद्द. गवंडीकाकांनी कौल घेतलं, उन्हात तिरकं धरलं आणि केसाएवढी चीर दाखवली.

"परत वाजव," बाबा तिला म्हणाले. "आता ऐक."